भावजयीचं रान

माझ्या वडिलांचं दीड एकराचं रान आहे. भिवंडी तालुक्याच्या डोंगराकडच्या बाजूला, आमच्या गावापासून चालत वीस मिनिटांवर. सातबाऱ्यावर ती वरकस जमीन, म्हणजे दगड जास्त, माती कमी, भात पिकत नाही अशी उताराची जागा. आजोबांच्या वेळी तिथून गवत आणायचे आणि राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला डहाळ्या. आजूबाजूच्यांनी आपापल्या वरकस जमिनी एकेक करून विकल्या. बाबांनी आपली ठेवली आणि तिच्यात झाडं वाढू दिली. हे मी कोणालाही अभिमानाने सांगते. पण त्या रानापायी मी माझ्या भावजयीवर इतकी वर्षं किती जळत राहिले आणि त्या जळण्यातून एकदा काय करून बसले, ते मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही.

बाबा शहरातल्या एका सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, तिला वाफ लागते आणि वाफेला लाकूड लागतं. ट्रकच्या ट्रक लाकूड यायचं आणि बाबा शिफ्टभर ते भट्टीत ढकलायचे. ओंडका हातात घेतला की तो कोणत्या झाडाचा, किती सुकलेला, किती वेळ टिकेल, हे त्यांना न बघता कळायचं. ऐन सावकाश जळतो, धावड्याचा निखारा दुपारपर्यंत धरून राहतो, सावर कागदासारखी भुर्रकन जाते. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. कधी कधी जेवता जेवता ते मध्येच म्हणायचे, "आज एक टेकडी जाळली." मग हात धुवायला उठायचे.

रविवारी त्यांना सुट्टी. त्या दिवशी ते रानात जायचे आणि त्यांच्यामागे मी. धाकटा भाऊ कधी आला नाही, त्याला गाड्यांचं वेड. त्यामुळे रविवार हा बाबांचा आणि माझा. त्यांनी रानाचे आठ भाग पाडले होते, हद्दीच्या दगडांना चुना फासून. एकेका भागाला ते कूप म्हणायचे. वर्षाला एकच कूप तोडायचा, तोही होळीच्या आधी, झाडांना नवी पालवी यायच्या आत. उरलेल्या सात कुपांना हात लावायचा नाही. तोडलेल्या खुंटांना पावसाळ्यात कोंब फुटतात. त्यातले दोन सरळ बघून ठेवायचे, बाकीचे खुडायचे. आठ वर्षांनी फिरून त्या कुपाची पाळी येते तोवर त्याच खुंटावर पुन्हा दंडाएवढं लाकूड तयार असतं. घरची चूल, पाणी तापवायचा बंब, नात्यातल्या लग्नाचा स्वयंपाक, सगळं त्यातून भागायचं आणि रान होतं तेवढंच राहायचं. खुंट जमिनीलगत आणि तिरका तोडायचा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही. दहाव्या वर्षी मला हे करता येत होतं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "माझी पोरगी कोयता मारते तं खुंट रंधा मारल्यागत दिसतो." त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

लग्न झालं आणि मी भिवंडीतल्या टेमघरला राहायला आले. नंतर राहनाळच्या एका गोदामात ऑफिसात लागले. कुठल्या गाडीत कोणता माल चढला, कुठली गाडी कोणत्या गाळ्याला लागली, गेटपास कोणाचा, हे बघायचं काम. सहा दिवस ते. रविवारी घरचं आवरून महिन्यातून दोनदा रानात जायचं. होळीच्या आधी कूप तोडायला मात्र दोन दिवस रजा टाकायची ती टाकायचीच. मला वाटायचं, माझी जागा तिथे कोणीतरी टॉवेल टाकून धरून ठेवली आहे.

मग भावाचं लग्न झालं. तो टेम्पो चालवायचा. डोंगरातल्या एका पाड्यावर छपराचे पत्रे पोचवायला जाता जाता त्याची एका मुलीशी ओळख झाली. ती आदिवासी घरातली, तिच्या घरी भातशेतीचा तुकडा आणि बाकी वर्षभर मजुरी. आमचं घर बौद्ध. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी कुरकुर केली. बाबांनी तिला एकदा पाहिलं, चार वाक्यं बोलले आणि होकार दिला. मीही तिच्या बाजूने उभी राहिले होते. हे सांगायलाच हवं, कारण पुढे मी ते वारंवार स्वतःला ऐकवत होते, जणू तिच्यावर माझे उपकार होते.

पहिल्या वर्षी कूप तोडायला ती आमच्याबरोबर आली. मोळ्या वाहायला माणूस हवंच होतं. बाबा तोडत होते, मी फांद्या छाटत होते, ती डोक्यावर चुंबळ ठेवून खाली-वर करत होती. दुपारी बाबा एका उंबरापाशी आले आणि त्यांनी कोयता उचलला. ती मोळी घ्यायला वाकली होती, तशीच वाकलेली म्हणाली, "मामा, उंबर र्‍हाऊ द्या. उन्हाळ्यात पाखरांनी खायचं काय?"

बाबांनी कोयता खाली घेतला. उंबराकडे वर पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे गेले.

एवढंच झालं. पण मी पंधरा वर्षांची असताना एका शिवणीसाठी असंच सांगितलं होतं, आणि बाबा हसून म्हणाले होते, प्रत्येक झाडाची दया करत बसलो तर घरात चूल कशी पेटायची. ती शिवण त्यांनी माझ्यासमोर तोडली होती. मला तिची आठवण वीस वर्षांत एकदाही आली नव्हती. त्या दुपारी आली.

त्यानंतर दर वर्षी काहीतरी बदलत गेलं. शेळ्या कोवळे कोंब खातात म्हणून तिने तोडलेल्या खुंटांवर करवंदीच्या काटेरी फांद्या रचायला सुरुवात केली. कडेच्या करवंदीच्या जाळ्या आम्ही दर दोन वर्षांनी साफ करायचो, ते तिने बंद करवलं. बारीक फाटी आम्ही तिथेच पेटवून द्यायचो. तिने त्यांचा एका कोपऱ्यात ढीग घालून ठेवला. त्यात मुंगूस राहायला आलं, मग सरडे, मग त्या सरड्यांच्या मागे आणखी कोणी कोणी. दोन पावसाळ्यांत रान दाट दिसायला लागलं. गावातली माणसं बाबांना म्हणायची की तुमच्या सुनेचा हात चांगला आहे. बाबा हो म्हणायचे. कोयता मारणाऱ्या पोरीचं नाव आता निघत नव्हतं. आणि निघावं तरी का? ती पोरगी चाळिशीला आली होती आणि गोदामात एसीखाली बसून गाड्या मोजत होती.

ती बाबांना आधी मामा म्हणायची. कधी बाबा म्हणायला लागली ते मला कळलं नाही. एका रविवारी मी पायवाटेवरून येत होते आणि रानातून "बाबा, इकडं या, बाबा" अशी हाक ऐकू आली. क्षणभर मला मीच हाक मारल्यासारखं वाटलं.

तिच्या घरची श्रद्धा वेगळी. वरच्या कोपऱ्यात एक जुना बेहडा आहे, त्याच्या बुंध्याशी तिने शेंदूर लावलेला एक दगड ठेवला आणि बाबांना सांगितलं की हा कोपरा तिच्या देवाचा, इथली काडीसुद्धा कोणी नेऊ नये. बाबांनी तो कोपरा कुपातून वगळला. हे कळल्यावर मी बरोबर मुद्दा सापडल्यासारखी उसळले. आपल्या घरात देव नाहीत, आजोबांनी सगळे सोडले, आणि आज तुम्ही रानात दगडाला शेंदूर लावू देता, असं मी बाबांना बरंच सुनावलं. तत्त्वाचं बोलत असल्याचा आव आणला. बाबा खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी चोळणं थांबवलं नाही. मग म्हणाले, "मी हात जोडतो का? न्हाय. ती तुला जोडायला सांगते का? न्हाय. तिचा देव झाडाला हात लावू देत न्हाय, मला तेवढं पुरं हाय."

मी तत्त्वाचं बोलत नव्हते हे त्यांना कळलं असावं. मलाही कळत होतं.

सगळ्यात जास्त झोंबायचं ते जनावरांचं. तिला सगळं दिसायचं. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, आज सुनेने मला भेकर दाखवलं, पाणी प्यायला आलं होतं. आज साळिंदराचा काटा सापडला. आज उदमांजर, अगदी समोरून गेलं. मी ऑफिसातून दमून आलेली असायची, कुकर लावता लावता फोन खांद्यावर धरून ऐकायची. बाबांच्या आवाजात जो आनंद असायचा तो मी लहानपणी जवळून पाहिला होता, आणि आता तो मला फोनवरून सांगितला जात होता. रविवारी मी मुद्दाम पहाटेची पहिली शेअर रिक्षा धरून जायची, अंगाला पावडर न लावता, पिवळा ड्रेस न घालता, आणि सकाळभर बसून राहायची. सातभाई यायचे. खार यायची. भावजय म्हणायची, "ताई, काल भेकर व्हतं. काल याच टायमाला व्हतं."

एका रविवारी मी खोटं बोलले. बाबा विचारत होते काही दिसलं का, आणि मी म्हणाले, हो, उदमांजर दिसलं, खालच्या हद्दीच्या दगडाजवळ. बाबा खूश झाले, केवढं होतं, शेपूट कशी होती, सगळं विचारलं. मी मोबाइलवर पाहिलेल्या फोटोवरून सांगितलं. भावजय तिथेच रानात तीन दगडांच्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. थोड्या वेळाने ती हंडा घेऊन पाण्याला गेली, आणि विहिरीची वाट दुसरीकडे असून खालच्या हद्दीच्या बाजूने गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माती ओली होती, माझ्या चपलेशिवाय तिथे दुसरा ठसा नसणार. ती बाबांना काही म्हणाली नाही. मला तर नाहीच. त्याचाही मला राग आला.

तीन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले. चढ चढता येईना. त्या वर्षी होळी तोंडावर आली आणि भावजयीची आई घसरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. भावजय माहेरी गेली. मी बाबांना फोन केला, म्हटलं, कुपाचं काय करायचं, दिवस थोडे राहिलेत.

बाबा म्हणाले, "थांबू. ती आली की खुणा करंल, मंग तोडू."

मी फोन ठेवला. कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं ठेवायचं याच्या खुणा आता ती करणार होती. ज्या रानातला प्रत्येक खुंट मी लहानपणी हाताने चाचपला होता, तिथे मी तिची वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तीन दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, महिनाअखेर आहे. मी म्हटलं, घरचं काम आहे, आणि ते खोटं नव्हतं.

शहरातल्या नाक्यावरून मी दोन मजूर घेतले आणि त्यांना रिक्षात घालून गावाला नेलं. बाबांना सांगितलं, तुम्ही काळजी करू नका, तुमच्याच पद्धतीने तोडते. ते नको म्हणाले नाहीत. भाऊ म्हणाला, ताई, ती चार दिवसांत येईल. मी म्हटलं, तोवर पालवी येईल. पालवी यायला पंधरा दिवस होते.

दोन दिवस मी जीव तोडून काम केलं. उंबर ठेवले. करवंदीला हात लावला नाही. मजुरांना प्रत्येक घाव दाखवून घेतला. खुंट सगळे खाली, सगळे तिरके. लाकडं सारख्या लांबीची करून थप्प्या लावल्या, ऐनाची वेगळी, धावड्याची वेगळी, अगदी गोदामात माल लावतात तशी. हाताला फोड आले आणि ते बघून मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तोडायचं काही उरलं नव्हतं. कुपाच्या हद्दीबाहेर, दोन पावलांवर, एक सावर होती. जुनी, वठलेली, बुंध्यात वर एक मोठी ढोली. एकच फांदी जिवंत होती आणि तिच्यावर पाचसहा लाल फुलं होती. बाबा पूर्वीच तिला पाडणार होते, ती भावजयीने अडवली होती. मेलेल्या झाडात जित्या झाडापेक्षा जास्त जण राहतात, असं ती म्हणाली होती म्हणे, आणि बाबांनी ते मला दोनदा ऐकवलं होतं.

मी मजुरांना सावर दाखवली. त्यांच्यातला मोठा माणूस तिच्या सालीवर हात आपटून म्हणाला, "दीदी, ये जलाने के काम की नहीं है. हल्की लकडी है."

ते मला त्याच्या आधी, पाढे येण्याच्या आधी माहीत होतं. मी म्हटलं, "गिरा दो."

वेळ लागला नाही. आतून पोकळच होती. पडताना आवाजसुद्धा मोठा झाला नाही. ढोलीत काही नव्हतं, मी स्वतः वाकून पाहिलं. थोडा भुसा, थोडी जुनी पिसं. मला हायसं वाटलं, म्हणजे मला आधीपासून भीती होती.

दुपारी भावाने बाबांना टेम्पोत बसवून पायथ्यापर्यंत आणलं, आणि मग आम्ही दोघांनी धरून त्यांना वर नेलं. ते थप्प्यांजवळ थांबले. खाली बसायला जमत नव्हतं म्हणून त्यांनी काठीच्या टोकाने एक खुंट चाचपला, मग दुसरा. "झ्याक," ते म्हणाले. "एकदम झ्याक." मला रडू येईल असं वाटलं. किती वर्षांनी ते माझ्याकडे त्या नजरेनं बघत होते.

मग त्यांना सावर दिसली. ते तिच्यापाशी गेले, एक तुकडा उचलायला लावला, हातात घेऊन तोलला. त्यांच्या तळहाताला वजन कळतच होतं.

"ही कशाला पाडलीस?"

मी म्हटलं, वठली होती, कोणाच्या अंगावर पडली असती.

"कोणाच्या? इथं कोण येतं?"

भाऊ इकडेतिकडे बघायला लागला. बाबांनी तो तुकडा माझ्या हातात दिला, टाकला नाही, दिला, आणि काठी टेकत थप्पीवर जाऊन बसले. तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा जड आवाज आला. मोठ्या वाकड्या चोचीचे दोन राखी पक्षी, धनेशांची जोडी, उंबरावर उतरली. नराच्या चोचीत काहीतरी होतं. तो तिथून उडाला आणि जिथे सावर उभी होती त्या जागेकडे सरळ गेला. तिथे झाड नव्हतं. हवेत एकदा गोंधळल्यासारखा फडफडला आणि परत उंबरावर येऊन बसला. मग मादीने तेच केलं. मग पुन्हा नराने. आम्ही तिघं आणि दोन मजूर बघत होतो. लहानपणापासून इतकी वर्षं त्या रानात मला धनेश इतक्या जवळून कधी दिसला नव्हता.

भावजय रविवारी आली. मी तिच्या आधी निघून जाऊ शकले असते, पण गेले नाही. ती चहा न घेता रानात गेली आणि मी तिच्यामागे गेले. तिने थप्प्या पाहिल्या, खुंट पाहिले. चांगले तोडलेत, म्हणाली. सावरीजवळ मात्र थांबली. पडलेल्या बुंध्यातल्या ढोलीत हात घातला, बाहेर काढला, हात पदराला पुसला. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. बाबांचं रान आहे, मीही त्यांची मुलगी आहे, मला तुझी परवानगी लागते का, अशी. ती भांडली असती तर मला बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मी जायच्या आधी पंधरा दिस जोडी इथं यायची. ढोली बघायची. मादी आत बसली का दार लिपून घेती, पिलं मोठी होईपर्यंत तो तिला बाहेरून खाऊ देतो. मी बाबांना सांगितलं न्हवतं. कोनालाच न्हवतं सांगितलं."

मी विचारलं, का नाही सांगितलं.

"तुमाला पयलं दाखवायची व्हती," ती म्हणाली. "तुमाला कदी काय दिसत न्हाय, तं म्हटलं, ही एका जागी बसनार हाय. रविवारपर्यंत कुठं जानार न्हाय."

मला शरम वाटली, हे खरं. पण शरमेच्या खालोखाल दुसरंही काही होतं, आणि तेही खरं. मला वाटलं, इथेही हीच पुढे. मी माझ्या जळण्यातून झाड पाडेपर्यंत हिने माझ्यासाठी मनात एक पक्षी राखून ठेवला होता. एखाद्याचा चांगुलपणासुद्धा आपल्याला सहन होत नाही, अशी वेळ माझ्यावर आली होती आणि ती माझ्या भावजयीमुळे आली नव्हती.

धनेशांची जोडी आणखी तीन दिवस आली, असं बाबांनी फोनवर सांगितलं. चौथ्या दिवसापासून आली नाही. भावजयीने सावर तिथेच पडू दिली. जळायला कामाची नाही, कुजू दे, किडे होतील, म्हणाली.

मी दोन महिने गावाला गेले नाही. कामाचं निमित्त होतं आणि तिकडून कोणी बोलावलंही नाही. पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका शनिवारी तिचाच फोन आला. खुंटांना कोंब आलेत, खुडायचे आहेत, आणि तिच्या आईला बघायला तिला जायचं आहे, मी येऊ शकते का. मी म्हटलं, येते. कोणते दोन ठेवायचे ते मी विचारायच्या आधी ती म्हणाली, "ते तुमाला माज्यापेक्शा बरं कळतं." ती मनापासून म्हणाली की माझी समजूत काढायला, याचा मी रिक्षात बसून विचार करत राहिले. अजूनही ठरवता आलेलं नाही. कोंब मात्र मी चांगले निवडले. आता ते माझ्या कमरेच्या वर गेले आहेत.

तेव्हापासून खुणा ती करते आणि कूप आम्ही दोघी तोडतो. मी तिला विचारून करते. पहिल्या वर्षी ते विचारणं जड जायचं, आता सवय झाली आहे. बाबा घरीच असतात. लाकूड घरी आलं की ते खाटेवरून एकेक ओंडका हातात घेऊन बघतात आणि थप्पी कशी लावायची ते सांगतात.

यंदा दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट घडली. आमच्या खालची जमीन कोणीतरी गोदामासाठी घेतली. वळ आणि राहनाळ ही गावं गोदामांनी भरली, आता गोदामं डोंगराच्या पायथ्याशी यायला लागली आहेत. एक दिवस दोन माणसं गावच्या घरी आली. त्यांना रानाचा खालचा कोपरा हवा होता, गाड्या वळवायला. भावजयीने मला फोन केला, "ताई, तुमी या. हे लोक बोलतात ते मला कळत न्हाय. तुमाला कळंल."

मी रविवारी त्यांना बोलावलं. ते नकाशा घेऊन आले होते. मी त्यांना रानाच्या कडेला नेलं आणि विचारलं, कंटेनर केवढा येणार, चाळीस फुटी का. हो म्हणाले. मी म्हटलं, मग इथे तो वळणारच नाही, उतार बघा. पावसाळ्यात एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या रस्त्यावर उभ्या राहतील. पलीकडच्या सपाट बाजूने गेट काढलंत तर तुमचंच काम सोपं होईल. मी सोळा वर्षं हेच काम करते आहे, म्हटलं. ते एकमेकांकडे बघायला लागले. एकाने विचारलं, पण जागा द्यायची तर आहे ना. मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. भावजय माझ्या मागे कोयता हातात घेऊन उभी होती, मोळी बांधता बांधता आली होती, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. ते नकाशा गुंडाळून गेले, आणि महिन्याभराने गेट पलीकडच्या बाजूने निघालं.

त्या दिवशी उतरताना मी मनातल्या मनात सगळं जुळवत होते, बाबांना कसं सांगायचं ते. कंटेनरचा प्रश्न आधी, मग उतार, मग ते एकमेकांकडे बघतात ते. घरी पोचलो तर बाबा खाटेवर उठून बसले होते. त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणले ते?"

विचारलं ते तिच्याकडे बघून. सवयीने असेल.

ती सांगायला लागली. पदर खोचून, एक हात नकाशासारखा धरून, ती माझ्यासारखी चालली, माझ्यासारखी मान वळवून म्हणाली, "चाळीस फुटी का?" मग त्या माणसाचा पडलेला चेहरा करून दाखवला. काही गोष्टी ती उलटसुलट सांगत होती. कोयत्याचं मध्येच घातलं, मी दोनदा नाही म्हणाले होते तिथे तीनदा केलं. बाबा हसत होते, हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले. "मंग?" म्हणाले. "मंग काय म्हणली माझी पोरगी?"

मी दाराशी बसून ऐकत होते. मला ते स्वतः सांगायचं होतं. पण ती माझ्यापेक्षा बरं सांगत होती, आणि खरं सांगायचं तर तेही मला आवडलं नाही.